गहाळ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू आलास, समोर ठेवलेला चहा साय धरेपर्यंत तसाच राहिला आणि जाताना चपला घालता घालता तू विचारलंस, “काका, म्हणजे मी खोटं लिहून दिलं का?” तेव्हा मी ‘बघू’ म्हणालो. दारात उभ्या उभ्या मला उत्तरं सुचत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

होय, दिलंस. आपल्या सोलापूरच्या यात्रेत होम मैदानावर पाळण्याचा फोटो काढताना फोन तुझ्या हातातून हिसकावला. ते पोरगं गर्दीत घुसताना तू पाहिलंस. आणि तुझ्या सहीच्या वर काय लिहिलंय? ‘गड्ड्याच्या यात्रेत फिरत असताना माझा मोबाइल कोठेतरी गहाळ झाला आहे.’ वाक्य तुझं नाही, अक्षर तुझं नाही. सही मात्र तुझीच.

त्यांनी दमदाटी केली नाही, बसायला खुर्ची दिली, बाटलीतलं पाणी दिलं, हे तू मला चारदा सांगितलंस. अरे, दमदाटी केली असती तर तू सावध तरी झाला असतास! यात्रेचा बंदोबस्त म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. दिवसदिवस उभी असलेली माणसं असतात ती, त्यांच्यावर माझा राग नाही. पण ‘गहाळ’ लिहिलं की गुन्हा दाखल होत नाही आणि गुन्हाच नाही म्हटल्यावर तपासही नाही. त्यांच्या सोयीचा शब्द आहे तो. “नवीन सिमला एवढं बास होतं” असं कुणीतरी म्हणालं आणि तू कागद न वाचता पेन हातात घेतलंस. तुझी चूक तेवढीच, पण ती मोठी आहे. वाचल्याशिवाय सही करायची नाही. पोलीस ठाण्यात तर नाहीच नाही.

हे मी कोणत्या तोंडानं सांगतो तेही ऐक. तुझ्या बाबांनाही मी हे कधी सांगितलेलं नाही.

१९८७ साल. मी बावीस वर्षांचा, एका चादर कारखान्यात हिशेब लिहायला होतो. दुपारी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पीत होतो तेव्हा हवालदार आला, “चला जरा, पंच म्हणून पाहिजे, पाच मिनिटांचं काम.” पोलिसांशी आयुष्यात पहिल्यांदाच संबंध आला होता. खरं सांगतो, मला जरा भारीच वाटलं. पंच म्हणजे जप्तीच्या वेळी साक्षीला हजर राहणारा प्रतिष्ठित माणूस! एका खोलीत नेलं. टेबलावर सुताचे कोन भरलेली दोन बाचकी होती आणि भिंतीशी कांडी भरणारा एक पोरगा उकिडवा बसला होता. बाचकी कुठून आणली, कधी आणली, मी काहीच पाहिलं नव्हतं. फूलस्केप कागद, खाली कार्बन, वर चार ओळी लिहिलेल्या आणि बाकी सगळा कोरा. “खाली सही करा, वरचं आम्ही भरतो.” मी केली. तीन प्रतींवर, झोकदार, खाली रेघ ओढून.

दोन वर्षांनी समन्स आलं. कोर्टात सरकारी वकिलांनी कागद दाखवला, “ही सही तुमची?” हो. “मुद्देमाल तुमच्यासमोर जप्त झाला?” हो. “मजकूर वाचून सही केली?”

हो.

तो पोरगा माझ्याकडे बघत होता. त्याला शिक्षा झाली. चोरी त्यानं केली नव्हती असं मी म्हणत नाही, केली असेलही. मला ते माहीतच नव्हतं, आणि ‘माहीत नाही’ एवढेच दोन शब्द मला म्हणायचे होते. ज्या गावात १९३० साली इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, ज्या गावच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं, त्या गावचा मी. शाळेत धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा ही नावं घेऊन मुठी आवळून भाषणं ठोकलेली. आणि कोर्टात तीनदा ‘हो’.

तू म्हणशील, खरं का नाही सांगितलं? तुला सोपं आहे विचारायला. वडील नव्हते, दोन बहिणी लग्नाच्या, आणि बाहेर बाकावर कारखान्याचे मालक बसलेले. ‘कोऱ्या कागदावर सही केली’ म्हणालो असतो तर मीच अडकलो असतो, असं मला तेव्हा वाटलं. आजही कधी कधी तसंच वाटतं. असो.

बऱ्याच वर्षांनी लक्ष्मी मंडईत त्याच्यासारखा एक जण वांगी विकताना दिसला. तोच होता की नाही, त्यानं मला ओळखलं की नाही, कुणास ठाऊक. वांगी मात्र एकेक निवडून दिली. मी पुन्हा त्या रांगेत गेलो नाही.

तेव्हापासून मी वाचतो. घरचे हसतात. तुझ्या काकूच्या ऑपरेशनच्या वेळी ती स्ट्रेचरवर आणि मी जिन्यापाशी उभा राहून संमतीपत्र वाचतोय, मुलगा ओरडला, “बाबा, आता तरी!” आत्ताच तर! ती भाषा मला अर्धी कळली नाही, म्हणून नर्सबाईंना विचारून घेतलं, मग सही केली. त्यावरून मुलगा दोन दिवस बोलला नाही. न बोलू दे.

आता तुझं. कायदा आता तुझ्या बाजूनं जास्त आहे, निदान कागदावर. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये हिसकावून नेणं हा वेगळा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा, दखलपात्र, म्हणजे पोलिसांना तो नोंदवावाच लागतो. ‘आमची हद्द नाही’ हे कारण चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं की कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते. तक्रार तुला वाचून दाखवावी लागते, मगच सही, आणि तिची प्रत फुकट मिळते. नाहीच घेतली तर तोच मजकूर टपालानं पोलीस अधीक्षकांना, म्हणजे आपल्या शहरात आयुक्तालयाला. तिथंही दाद नाही लागली तर मॅजिस्ट्रेट. झडती-जप्तीचं आता चित्रीकरण करावं लागतं हे वाचलं तेव्हा मी पेपर खाली ठेवून जरा वेळ बसून राहिलो होतो.

आणि एक गंमत सांगतो. उद्या तू साक्षीदार झालास आणि पोलिसांनी तुझा जबाब लिहून घेतला, तर त्यावर तुझी सही घ्यायचीच नसते, कायदाच तसा आहे. ‘सही करा’ म्हणाले तर नम्रपणे विचारायचं, कुठल्या कलमाखाली? म्हणजे बघ, कुठल्या कागदावर सही लागते आणि कुठल्यावर नाही, हे कळायलाही आधी तो वाचावाच लागतो.

तुझ्या बाबांनी ‘जाऊ दे, फोनच तर आहे’ म्हटलं असेल. अठरा हजारांचा फोन आहे, त्यावर तुझी बँक आहे, ते सोड. त्याच फोनवरून उद्या कुणाला गंडा घातला गेला तर तुझ्याकडं कागद कुठला? ‘कोठेतरी गहाळ’? कुठं, किती वाजता, कोण, काहीच नाही त्यात. रागावतोय असं वाटेल तुला. रागावतोच आहे, पण तुझ्यावर किती आणि त्या झोकदार सहीवर किती, ते मला वेगळं काढता येत नाही.

आज रात्री बसून स्वतःच्या अक्षरात लिही. तारीख, वेळ, पाळण्यापासून किती अंतर, त्या पोराच्या अंगात काय होतं. आधीच्या अर्जात ‘गहाळ’ लिहिलं गेलं, मी तो न वाचता सही केली, प्रत्यक्षात फोन हिसकावून नेला, हेही त्यात लिही. लपवू नकोस. लाज वाटेल, वाटू दे. दोन प्रती कर, एकीवर पोच घे.

सोमवारी अकरा वाजता मी ठाण्याबाहेर चहाच्या गाडीपाशी थांबेन. आत तू एकटा जा. फोनच्या खोक्यावर आयएमईआय नंबर असतो. आईनं खोकं रद्दीत घातलं नसेल तर ते घेऊन ये, आणि बिलही.

तुझा,
काका