फॉरमॅट मारण्यापूर्वी : जुन्या संगणकाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा डेस्कटॉप संगणक २०१२ साली घेतलेला असून त्यावर विंडोज १० आहे. गेल्या पावसाळ्यापासून तो विचित्र वागू लागला आहे. सकाळी सुरू केल्यावर तारीख अनेक वर्षे मागे गेलेली असते आणि बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही. दुपारी बंद करून पुन्हा लावला तर मात्र तारीख बरोबर राहते. मध्यंतरी एकदा निळा पडदा येऊन विंडोज सुरूच होईना, तेव्हा दुरुस्तीवाल्याने व्हायरस असल्याचे सांगून फॉरमॅट मारला. त्यात नातवंडांचे फोटो गेले. निळा पडदा गेला, पण तारखेचा घोळ तसाच आहे. शिवाय पाऊस लागून राहिला की कधीकधी नुसतेच बीप वाजतात आणि पडदा काळा राहतो. आता काय करावे?
— एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण

उत्तर : दुपारी बंद करून पुन्हा लावल्यास तारीख बरोबर राहते, हे आपण लिहिले नसते तर निदान इतके सोपे झाले नसते. व्हायरस सकाळ आणि दुपार असा भेद करीत नाही. आपण रात्री भिंतीवरचे बटणही बंद करीत असणार आणि दुपारी केवळ 'शट डाऊन' करीत असणार. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, एक स्वतंत्र घड्याळ असते. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत संगणक बंद असला तरी एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) मदरबोर्डला थोडी वीज देत राहतो आणि घड्याळ त्यावर चालते. तेही बटण बंद झाले की घड्याळाचा सारा भार रुपयाच्या नाण्यासारख्या दिसणाऱ्या एका ३ व्होल्टच्या सेलवर येतो, आणि आपल्या संगणकातला हा सेल संपलेला आहे.

बँकेचे संकेतस्थळ न उघडण्याचे कारणही हेच आहे. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असते व त्यावर मुदत सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख असते. अलीकडे ही मुदत जेमतेम वर्षभराची किंवा त्याहूनही कमी असते. आपला संगणक स्वतःला २०१२ सालात समजत असेल, तर त्याच्या लेखी हे प्रमाणपत्र अजून अमलातच आलेले नाही. म्हणून ब्राउझर अडवतो, आणि तो अडवतो ते योग्यच आहे. अशा वेळी 'तरीही पुढे जा' हा पर्याय न निवडता आधी तारीख दुरुस्त करावी.

निळ्या पडद्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपले फोटो तिथे गेले. सेल संपला की केवळ तारीखच नव्हे, तर बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, यातील सेटिंग्जही बहुधा मूळ स्थितीत जातात. त्यांत हार्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे, एएचसीआय की आयडीई, हेही ठरलेले असते. विंडोज एएचसीआय पद्धतीवर बसवलेले असेल आणि सेल संपल्यामुळे बायोस परत आयडीईवर गेला, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि निळ्या पडद्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा संदेश येतो. बहुधा आपल्याकडे हेच घडले असावे. बायोसमध्ये ती एक ओळ पूर्ववत केली असती, तर विंडोज आणि फोटो दोन्ही जागच्या जागी राहिले असते. फॉरमॅटनंतर निळा पडदा गेला, कारण नवे विंडोज बदललेल्या पद्धतीवर बसले. यावरून व्हायरस होता, असे सिद्ध होत नाही. गेलेल्या फोटोंपैकी काही परत मिळण्याची शक्यता अजून असू शकते. मात्र त्यासाठी त्या डिस्कवर नवे काही साठवू नये आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराला ती लवकर दाखवावी.

सेल बदलणे घरी जमण्यासारखे आहे. त्यावर बहुधा 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. दुकानदार '२०२५' देऊ लागला तर घेऊ नये. तो पातळ असतो आणि खोबणीत सैल बसतो. मुख्य वायर काढावी, संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावावा आणि मग खोबणीच्या कडेची चिमटी बाजूला करून सेल काढावा. अक्षरे असलेली बाजू वर ठेवून नवा बसवावा. नंतर बायोसमध्ये जाऊन तारीख आणि वेळ भरावी, मात्र डिस्कच्या पद्धतीला हात लावू नये. कोणी 'एएचसीआय वेगवान असते' म्हणून ती आता बदलली, तर तोच निळा पडदा पुन्हा दिसेल.

बीप हा निराळा आजार आहे. वाजण्याचा क्रम बायोस बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे बदलतो, पण पडदा काळा आणि नुसते बीप असतील तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डवर खोचलेल्या मेमरीच्या पट्टीवर, घ्यावा. कोकणातल्या दमट हवेत रॅमच्या पट्टीवरील संपर्कांवर पुटे चढतात. कॅबिनेट उघडलेलेच आहे, तर रॅम काढून तिच्या सोनेरी कडेवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला मऊ सुती कपडा फिरवावा. खोडरबरानेही काम होते, परंतु हलक्या हाताने आणि त्याचा चुरा खोबणीत पडू न देता. पूर्ण वाळल्यावर पट्टी दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. दोष कोणत्या पट्टीत आहे, ते तिथेच कळते. पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा संगणक रोज तासभर चालवलेला बरा, कारण आतल्या उष्णतेने दमटपणा साचत नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात यूट्यूबवर व्हिडिओ पाहताना आमचा संगणक कोणतीही सूचना न देता एकदम बंद पडतो. टायपिंग करताना असे होत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' असे दिसते. वीजपुरवठ्याचा दोष समजावा का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ४१ या क्रमांकावर विसंबू नये. संगणक नीट 'शट डाऊन' न होता बंद पडला, एवढेच ती नोंद सांगते. कशामुळे, ते सांगत नाही. घरातील दिवे गेले तरी तीच नोंद पडते.

बंद पडल्यावर लगेच सुरू करून पाहावा. प्रत्येक खेपेस तो आधीपेक्षा लवकर बंद पडत असेल आणि अर्धा तास थांबल्यावर पुन्हा बराच वेळ चालत असेल, तर कारण उष्णता आहे. प्रोसेसर सुमारे १०० अंश सेल्सिअसला पोहोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापमान चढले तर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. नागपुरात मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या वर गेलेली असते, त्यामुळे पंख्याला गार हवा मिळणार कुठून? पंख्याखालील हीट सिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत धुळीचा नमदा बसलेला असतो. तो ब्लोअरने काढावा, मात्र त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा. त्याने भागले नाही तर प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधील थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) वाळून भुगा झाली असेल. ती पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावावी.

याउलट थंड असतानाही तो अधूनमधून बंद पडत असेल, तर मदरबोर्डवरील दंडगोल कपॅसिटरांचे (वीज साठवणाऱ्या लहान डब्यांचे) माथे पाहावेत. ते सपाट असायला हवेत. फुगलेले किंवा तपकिरी द्रव गळालेले दिसल्यास तोच दोष आहे. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. आतील कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो.

प्रश्न : कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, स्पीकर गुणगुणतो आणि पेन ड्राइव्ह मध्येच निघून गेल्यासारखा दिसतो. टेस्टर लावला तर दिवा लागतो. संगणक जुना झाल्यामुळे असे होते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : संगणकाचे नव्हे, घरातील वायरिंगचे वय झाले आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन लहान कपॅसिटर असतात. एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून निघून दोन्ही पत्र्याला मिळतात. त्यांतील किरकोळ गळती अर्थिंगमधून जमिनीत जावी, अशी योजना असते. जुन्या वाड्यांमध्ये पुष्कळदा तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. मग पत्रा २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अत्यल्प असल्याने झिणझिण्यांवर भागते, पण खरी गळती झाली तर आपल्याला वाचवणारे काहीही नसते.

परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग करून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. काही जण सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. झिणझिण्या थांबतात, म्हणून ग्राहक खूश होतो. परंतु पुढे कधी न्यूट्रल तुटला तर पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. असे कोणी सुचवले तर त्याला तेथूनच परत पाठवावे.

प्रश्न : बारा-तेरा वर्षांच्या संगणकावर खर्च करावा, की नवा घ्यावा?
— अनेक वाचक

उत्तर : आधी डिस्कची प्रकृती पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये 'रिअलोकेटेड सेक्टर्स' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर' (डिस्कवरील खराब व संशयित जागांची नोंद) यांपुढील 'रॉ व्हॅल्यूज' रकान्यातला आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल, तर त्याच दिवशी सर्व फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तपासण्यातही वेळ घालवू नये. मदरबोर्ड निरोगी असल्यास सेल, पेस्ट आणि साटा एसएसडी (जुन्या डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) एवढा खर्च करण्यास हरकत नाही. एसएसडीने असा संगणक पुन्हा कामाचा होतो आणि ती पुढे दुसऱ्या यंत्रातही चालते. मात्र विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच त्याच्या यादीत आहेत. इतका जुना संगणक त्यात बसत नाही, त्यामुळे बँकेचे व्यवहार या यंत्रावर करू नयेत. लेखन, जुने फोटो, गाणी यांसाठी ते ठेवावे किंवा त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) बसवून घ्यावे. कपॅसिटर फुगलेले असतील, तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नयेत. डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये बसवावी आणि उरलेले यंत्र ई-कचरा संकलन केंद्रात द्यावे.