ॲप हवा 'समाधानकारक' म्हणतं, मग जालन्यात एमआयडीसीजवळ राहण्यात धोका किती?

नोकरीसाठी जालन्याला येताय, खोली एमआयडीसीला लागून मिळतेय, पदरात दोन वर्षांची मुलगी आहे, आणि ॲपवर हवा 'समाधानकारक' दिसते. त्यावर विसंबावं का, असं तुम्ही विचारलंय. नुसतं त्यावर विसंबू नका. याच भागात आरोग्यसेविका म्हणून मी बरीच वर्षं घरोघर फिरले, म्हणून सांगते.

ॲपवरचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा असतो. इथं भंगार वितळवून सळ्या करणाऱ्या भट्ट्या रात्रीही चालतात. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर वस्तीतच दाटून राहतो. समजा, पीएम २.५, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, रात्रीचे ६ तास घनमीटरला १५० आणि उरलेले १८ तास ३० मायक्रोग्रॅम राहिले. सरासरी येते ६०. आपल्या देशाच्या मर्यादेत अगदी काठावर, म्हणून ॲपवर 'समाधानकारक'. पण तुमची मुलगी झोपलेली असते ते नेमके हेच ६ तास! शिवाय जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेली चोवीस तासांची मर्यादा १५ आहे. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात जालना, संभाजीनगर, लातूर ही आपली शहरं आली ती हवा मानकात बसत नव्हती म्हणूनच.

म्हणून खोली बघायला दुपारी जाऊ नका, पहाटे पाचला जा. गच्चीवरची धूळ कागदावर घ्या आणि खालून लोहचुंबक फिरवा. कण सरकले तर त्यात लोखंड आहे, पण ते भट्टीचंच असेल असं नाही, इथल्या काळ्या मातीतही चुंबकाला ओढले जाणारे कण असतात. यावरून धूळ कुठली याचा फार तर अंदाज येतो, धोका किती ते कळत नाही. फुप्फुसात खोल जाऊन रक्तात उतरणारे कण डोळ्यांना दिसतच नाहीत.

शेजारच्या बायकांशी बोला. पोरांचा खोकला कोणत्या महिन्यात वाढतो, रात्री धाप लागते का, हे त्या बरोबर सांगतात. त्याच घरात चूल पेटते का, कुणी बिडी ओढतं का, हेही विचारा, नाहीतर चुलीच्या धुराचं खापर कारखान्यावर फुटेल. आणि खोकला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. या हवेनं हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, कमी वजनाची बाळं जन्मतात. त्याचा संबंध धुराशी कुणी लावत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

लहान मूल वजनाच्या मानानं मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं आणि त्याची फुप्फुसं अजून वाढत असतात. तुमच्या जागी मी असते तर भाडं थोडं जास्त देऊन गावात लांब खोली घेतली असती. तेवढं परवडत नसेल तर निदान कारखान्यांच्या पश्चिमेला, नैर्ऋत्येला घेऊ नका. हिवाळ्यात इकडे वारा बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो.