प्रश्न तुमचे : सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड

प्रश्न : ताई, मी ७४ वर्षांचा. चिंचवडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालो, राहायला सहकारनगरला. पीएफची पेन्शन महिना दोन हजारांच्या आत. दोन्ही गुडघे गेलेत, डॉक्टर सांधे बदलायला सांगतात. रेशनकार्ड पांढरं, फ्लॅट स्वतःचा, मुलाने काढलेला तीन लाखांचा मेडिक्लेमही आहे. म्हणून ज्येष्ठ नागरिक संघातले मित्र म्हणतात, पाच लाखांपर्यंत मोफत उपचारांचं सरकारी कार्ड तुला मिळायचं नाही. खरं का? आणि पत्नीचं काय? ती ७१ची आहे, पण आधारवर ६८ लागलीय.

उत्तर : तुम्हाला मिळेल, काका. उद्याच काढा.

मित्रांच्या मनात जुना नियम असावा. आयुष्मान भारत २०१८ साली सुरू झाली तेव्हा ती गरीब कुटुंबांच्या ठरलेल्या यादीपुरतीच होती. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर पूर्ण केलेल्या प्रत्येकाला ती खुली झाली. उत्पन्न विचारत नाहीत, फ्लॅट विचारत नाहीत, रेशनकार्डाचा रंगही पाहत नाहीत. फक्त आधार लागतं. या कार्डाचं नाव आयुष्मान वय वंदना. मेडिक्लेम असला तरी ते निघतं.

मी सव्वीस वर्षं पुण्यातल्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेविका होते. त्या अनुभवावरून एक गोष्ट कळकळीने सांगते : कार्ड अ‍ॅडमिट होण्याआधी हातात असू द्या आणि पहिल्या मिनिटाला दाखवा. ही योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरायचे आणि मागाहून बिलं लावायची, ही मेडिक्लेमची सवय इथे उपयोगाची नाही. माझ्या मावसबहिणीच्या घरी हेच झालं. कार्ड कपाटात होतं. रात्री अकराला मेव्हण्यांच्या छातीत दुखायला लागलं, गडबडीत चाळीस हजार डिपॉझिट भरलं आणि कार्डाची आठवण झाली ती तिसऱ्या दिवशी. ते पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून कार्डाची एक झेरॉक्स औषधांच्या डब्यात ठेवा आणि फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये.

आता गुडघ्यांचं. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया या योजनेच्या राष्ट्रीय यादीत आहे. पण ‘हॉस्पिटल योजनेत आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका. एखादं हॉस्पिटल हृदयविकारासाठी अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असतं, अस्थिरोगासाठी नसतं. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. म्हणून तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला गाठा. योजनेतल्या रुग्णालयात त्याचं टेबल असतं, बहुधा केस पेपरच्या खिडकीजवळ. त्याला नेमकं विचारा : ‘गुडघा बदलायचा आहे. इथे, या कार्डावर होईल का?’ तो कागद पाठवून योजनेकडून पूर्वमान्यता, म्हणजे आधीची मंजुरी घेतो. ती आल्यावरच तारीख पक्की समजा. इम्प्लांटसाठी वरचे पैसे कोणी मागितले तर भरू नका, योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या डॉक्टरांपुढे आपली पिढी गप्प बसते, मी हे फार पाहिलंय. इथे गप्प बसू नका.

जुनं दुखणं म्हणून अडवणार नाहीत. मेडिक्लेममध्ये आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. इथे पहिल्या दिवसापासून ते धरले जातात. मात्र रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, दवाखान्यातली तपासणी, फिजिओथेरपीच्या फेऱ्या हे यात नाही. अ‍ॅडमिट होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी आल्यावरचे पंधरा दिवस, एवढाच त्याच्या अलीकडचा-पलीकडचा खर्च धरतात. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात जा, तिथे किमतीतला फरक जाणवेल. आणि मुलाला सांगा, मेडिक्लेम बंद करू नकोस. तुमच्या विश्वासाचे डॉक्टर योजनेबाहेरच्या हॉस्पिटलमध्ये असू शकतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे.

काकूंचं थोडं किचकट आहे. योजनेसाठी वय म्हणजे आधारवरचं वय, दुसरा कागद चालत नाही. जन्मतारखेचा ग्राह्य पुरावा असेल तर आधार केंद्रात जाऊन दुरुस्ती करून घ्या. जन्मतारीख सहसा एकदाच बदलून मिळते, तेव्हा अर्ज भरताना आकडा दोनदा वाचा. तोवर काकू उघड्यावर नाहीत. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत २०२३च्या शासन निर्णयानंतर पांढरं रेशनकार्डही आलं आहे आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आहे. फक्त त्या रेशनकार्डावर काकूंचं नाव आहे ना, ते आजच पाहा. चौकशीचा नंबर १५५३८८. काकूंचं वय दुरुस्त झालं की त्याही वय वंदनात येतील, पण पाच लाख दोघांत मिळून, प्रत्येकी नव्हे. म्हणजे एका वर्षात तुमचे दोन्ही गुडघे आणि काकूंचं काही मोठं आलं, तर हिशेब करावा लागेल.

कार्ड मोबाइलवर आयुष्मान अ‍ॅपमधून निघतं. आधारला जोडलेला नंबर चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो. माझ्या आईच्या बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर भांडी घासून रेषाच गेल्या होत्या. शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटवून तिचं कार्ड झालं. तेव्हा ठसे लागले नाहीत म्हणून माघारी फिरू नका, चेहऱ्याचा पर्याय मागा.

प्रश्न : मी केंद्र सरकारी सेवेतून निवृत्त, वय ७६, राहायला खडकीला. सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचं कार्ड आहे. वय वंदनाही काढू का?

उत्तर : दोन्ही ठेवता येत नाहीत, एक निवडावं लागतं. तुम्ही सीजीएचएस सोडू नका. तिथे तुमची दर महिन्याची औषधं आणि भरती न होता तपासणीही होते, वय वंदनात ती होणार नाही. शेजाऱ्यांनी काढलं म्हणून घाईने अ‍ॅपमध्ये ‘हो’ दाबू नका.