एक रुपया चौऱ्याहत्तर पैसे

सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. गावच्या दूध संस्थेचे सचिव आहेत. मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पत्र चार पानी, त्याचा गोषवारा असा: मुलानं आतापर्यंत ऑनलाइन कोडिंगची ४१२ गणितं सोडवली आहेत. वडील रोज रात्री नऊला फोन करून आकडा विचारतात आणि वहीत लिहून ठेवतात. तरी कॅम्पसच्या दोन्ही कंपन्यांत मुलाखतीला नापास. एका ठिकाणी विचारलं, ‘प्रोजेक्ट करताना अडचण कोणती आली?’ हा म्हणाला, ‘काही नाही सर, नीट झाला.’ मेहुण्यांच्या मुलाला मात्र चांगलं पॅकेज मिळालं. आता गेट द्यावी, एमसीए करावं, की एक लाख ऐंशी हजार भरून डेटा सायन्सचा क्लास लावावा? क्लासचा ॲडव्हान्स १५ तारखेच्या आत भरायचा आहे.

आणि तिसऱ्या पानावर, कंसात, हे: ‘दिवाळीत आला तेव्हा अभ्यास सोडून आमच्या संस्थेच्या दूधबिलाचा प्रोग्राम करत बसला. रजिस्टर आणि त्याच्या बेरजेत १ रुपया ७४ पैशांचा फरक येत होता, त्यासाठी तीन रात्री जागला. शेवटी मलाच विचारतो, अर्धा पैसा आला तर आपल्याकडे वर धरतात की सोडतात? मी म्हटलं, इंजिनिअर तू की मी? टाइमपास बंद कर आणि गणितं सोडव.’

सचिवसाहेब, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा फक्त तो कंस वाचला. बाकी चार पानांचं उत्तर त्यातच आहे, आणि ते तुम्ही कंसात टाकलंत.

आधी त्या रात्रींत काय झालं असेल ते सांगते. मी स्वतः चौदा वर्षं कोड लिहून मग या सल्ल्याच्या कामात आले, त्यामुळे अंदाज बरा आहे. समजा एका सभासदानं सकाळी साडेआठ लिटर दूध घातलं. फॅट आणि एसएनएफवरून (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) दर निघाला ३४ रुपये २५ पैसे. गुणाकार येतो २९१.१२५. तुमच्या रजिस्टरमध्ये कारकून २९१.१३ लिहितो. शेवटी पाच आले की वर, आपण शाळेत तेच शिकलो. मुलानं पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं असेल तर तिथला ‘राउंड’ (आकडा जवळच्या पैशावर आणणारा हुकूम) २९१.१२ देतो. ती चूक नाही, तो त्याचा नियम आहे: बरोबर मधोमध आलं की सम आकड्याकडे झुकायचं. म्हणजे हजारो नोंदींत निम्म्या वर जातात, निम्म्या खाली, आणि बेरीज एका बाजूला कलत नाही. शहाणा नियम आहे, फक्त तो तुमच्या कारकुनाचा नाही.

दुसरी भानगड याहून खोल आहे. संगणक सगळे आकडे ० आणि १ या दोनच अंकांत लिहितो. आपल्याला एक तृतीयांश दशांशात पुरा लिहिता येत नाही, ०.३३३ करत बसावं लागतं, तसं त्याला साधा ०.१ पुरा लिहिता येत नाही. त्याला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारली तर तो ०.३०००००००००००००००४ सांगतो. म्हणून पैशाचा हिशेब करणारे रुपये-अपूर्णांकात न ठेवता अख्ख्या पैशांत ठेवतात. पण तसं ठेवलं तरी वरच्या नोंदीत २९११२ पैसे आणि अर्धा पैसा येतोच. तो अर्धा सभासदाचा की संस्थेचा, हे कुठलंही मशीन ठरवत नाही. ते विचारावं लागतं, आणि ज्याला ठाऊक आहे त्यालाच विचारावं लागतं. मुलानं तेच केलं.

संस्थेचे १८० सभासद, दोन वेळा दूध, दहा दिवसांचं बिल. ३६०० नोंदी. त्यातल्या शे-दोनशे ठिकाणी एकेक पैसा हलला की झाले तुमचे १ रुपया ७४. तीन रात्रींत त्यानं हे कारण गाठलं असेल तर तो वेळ मला मुळीच जास्त वाटत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत असाच एक पैशाचा फरक शोधायला दोन अनुभवी माणसांना आठवडा लागला होता, आणि त्या आठवड्याचा पगार त्यांना बिनबोभाट मिळाला.

एवढ्याशा पैशांनी काय होतं, असं वाटत असेल तर कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या शेअर बाजाराचं ऐका. तिथं १९८२ च्या जानेवारीत १००० वर एक निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्यानं मोजायचा आणि तीन दशांशांपुढचं कापून टाकायचं. वर कधीच धरायचं नाही, नुसतं कापायचं. पावणेदोन वर्षांत तो घसरत ५२४ च्या आसपास आला. बाजार काही इतका पडलेला नव्हता. हिशेब दुरुस्त केला तेव्हा खरा आकडा १०९८ निघाला. निम्मा निर्देशांक त्या कापलेल्या कणांत गेला होता.

आता मुलाखतीचं. ‘अडचण कोणती आली?’ हा प्रश्न विचारणारा उमेदवाराला अडवायला विचारत नाही. समोरच्यानं खरंच काही बांधलंय की मित्राचं उचललंय, हे त्याला त्यातून कळतं. तुमच्या मुलाच्या खिशात त्या दिवशी फार चांगलं उत्तर होतं. खरे १८० शेतकरी, खरं रजिस्टर, न जुळणारी बेरीज, सापडलेलं कारण आणि ते कारण मिटवायला माणसाला विचारलेला नेमका प्रश्न. ते त्यानं सांगितलं नाही. का सांगेल? घरी त्या गोष्टीचं नाव टाइमपास आहे. सचिवसाहेब, तोंडावर लिहिते, राग येऊ देऊ नका: ती मुलाखत एकट्या मुलानं घालवलेली नाही.

आणि ती वही. रोज नऊला आकडा विचारलात तर मुलगा रोज नऊला आकडाच देणार. ४१२ पैकी किती गणितं डोकं लावून सुटलीत आणि किती उत्तर बघून टाकलीत, हे त्याला विचारू नका, खोटं बोलायला लागेल बिचारा. डेअरीत लिटर वाढवण्यावर बक्षीस लावलं की दुधात काय वाढतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एक गैरसमज मात्र सविस्तर काढायला हवा, कारण तो फक्त तुमचा नाही, दर दुसऱ्या पत्रात असतो: प्रोग्रामिंग म्हणजे अल्गोरिदम (गणित सोडवायच्या ठरलेल्या रीती) पाठ असणं, आणि जितके जास्त पाठ तितका प्रोग्रामर मोठा. बायनरी सर्च घ्या. क्रमानं लावलेल्या यादीत मधला बघायचा, निम्मी यादी सोडायची, पुन्हा मधला. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलाला झोपेत येतं. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या साठ्यात, हाच अल्गोरिदम ज्यांनी लिहिला, त्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये स्वतःच जाहीर केलं की त्यात चूक आहे आणि ती नऊएक वर्षं तशीच पडून होती. चूक अल्गोरिदममध्ये नव्हती. मधला काढायला दोन टोकं मिळवून दोननं भागलं होतं, आणि यादी सुमारे १०७ कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज मशीनच्या २१४ कोटी ७४ लाखांच्या मापात मावत नव्हती, उलटून उणे व्हायची. पाठांतरात कुणी कमी पडलं नव्हतं. ‘माप भरलं तर काय?’ हा प्रश्न राहून गेला होता. कामावर लागलेल्या माणसाचा दिवस अशाच प्रश्नांत जातो. दुसऱ्यानं चार वर्षांपूर्वी लिहिलेला कोड वाचायचा, काल चालत होतं ते आज का बंद पडलं ते शोधायचं, आणि समोरचा जे मागतो ते त्याला खरंच हवंय का ते विचारायचं. नवं कोडं सुटण्याचा दिवस क्वचित येतो. आला की आम्ही चहा पाजतो.

गणितं बंद करा असं मी म्हणत नाही. पहिल्या चाळणीच्या परीक्षेत ती येतात. रोज एक तास पुरे, उत्तर न बघता.

गेट एम.टेक. किंवा सरकारी कंपन्यांसाठी, मनात असेल तर द्यावी, बी.ई. कॉम्प्युटरनंतर एमसीए म्हणजे चढून झालेला जिना पुन्हा चढणं. क्लासचे एक लाख ऐंशी हजार ठेवा गाठीला. ॲडव्हान्सची तारीख जाऊ द्या.

त्यापेक्षा तुम्ही गिऱ्हाईक व्हा. मुलाला तो दूधबिलाचा प्रोग्राम पुरा करायला सांगा आणि खऱ्या सचिवासारखं त्याला छळा. एकाच नावाचे दोन सभासद असतील तर? (नाव हीच खूण धरली असेल तर त्याचा सगळा आराखडा तिथंच कोसळेल. कोसळू द्या, खाते क्रमांक का असतो ते त्याला कायमचं कळेल.) सकाळी संकलन चालू असताना वीज गेली तर निम्मी नोंद राहते की जाते? घाईत एकच कॅन दोनदा नोंदला गेला तर? दर मधेच बदलला तर जुनी बिलं जुन्याच दरानं निघतात का? वीस वर्षं तुम्ही या भानगडी वहीत आणि डोक्यात मिटवत आलात. अल्गोरिदम तुम्हाला येत नसेल, पण हे त्याच्या कॉलेजात कुणालाच येत नाही.

गेल्या वर्षीची दहा बिलं त्याला काढून द्या, रजिस्टरच्या बेरजेसकट. प्रोग्राममध्ये काहीही बदललं की आधी ती दहा जुळतात का ते बघायचं, मगच पुढं. याला आमच्यात टेस्ट म्हणतात आणि यासाठी वेगळी माणसं नेमतात. आणि ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरं’ अशी फोल्डरं करत असेल (करतच असेल) तर त्याला गिट (कोडच्या जुन्या-नव्या प्रती नीट सांभाळणारं साधन) शिकायला सांगा. दोन दिवसांचं काम आहे, फुकट आहे.

‘आता एआयच कोड लिहितं, मग याचं काय होणार?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. लिहितं, आणि झटपट लिहितं. पण तुमच्या संस्थेत अर्धा पैसा कुणाचा, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याला सांगायला आधी ते तुम्हाला विचारणारं कुणीतरी लागेल.

तर आज रात्री नऊला फोन कराल तेव्हा वही बाजूला ठेवा. आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्या, दिवाळीपासून ते बाकी आहे. उत्तर देण्यापूर्वी रजिस्टर मात्र उघडून बघा: कारकून अर्धा पैसा खरंच दर वेळी वर धरतो, की सकाळचा एक धरतो आणि संध्याकाळचा दुसरा सोडतो? तसं निघालं तर १ रुपया ७४ मध्ये थोडा फरक तुमच्या बाजूचाही आहे. तेही त्याला सांगा.