मुलगा म्हणतो, 'बैठकीला तुम्ही येऊ नका'

प्रश्न : माझा 17 वर्षांचा मुलगा बारावीबरोबर 'नीट'ची तयारी करतो. दिवाळीनंतर त्याने मित्रांशी बोलणे सोडले आणि रात्ररात्र जागू लागला. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून औषध सुरू केले आहे, मानसशास्त्रज्ञ त्याच्याशी दर आठवड्याला बोलतात आणि त्याच दवाखान्यातील सामाजिक कार्यकर्त्या आता आम्हा सर्वांना एकत्र बोलावत आहेत. मुलगा म्हणतो, "तुम्ही आलात तर मी येणार नाही." त्याचे वडील विचारतात, "औषध डॉक्टर देतात, बोलायला तज्ज्ञ आहेत, मग आपले तिथे काय काम?" मी काय करावे?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, बैठक रद्द करू नका, मात्र मुलाचे मन मोडून ती घेऊही नका. या वयाची मुले आईवडिलांना नको म्हणतात, तेव्हा त्यामागे बहुधा आपण विश्वासाने सांगितलेले चारचौघांत उघडे पडेल ही भीती असते. म्हणून सामाजिक कार्यकर्त्यांनी आधी त्याच्याशी एकट्याशी बोलावे आणि कोणते विषय काढायचे, कोणते टाळायचे, सुरुवात कोणी करायची हे त्याच्याबरोबर ठरवावे, अशी विनंती तुम्हीच त्यांना करा, आणि ती तुम्ही केली आहे हे मुलालाही सांगा.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 प्रमाणे 18 वर्षांखालील मुलाचे नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात रुग्णाला साथ देणारी व्यक्ती, सर्वसाधारणपणे पालकच असतात, त्यामुळे उपचारांच्या निर्णयात तुमचे स्थान आहेच. परंतु हाच कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्कही देतो, आणि 18 पूर्ण झाल्यावर आपला प्रतिनिधी कोण असावा हे तुमचा मुलगा साध्या कागदावर सही करून स्वतः ठरवू शकेल. तो दिवस फार दूर नाही. तेव्हा त्याने तुमचे नाव आपणहून लिहावे असे वाटत असेल, तर आज त्याच्या 'नको'ला मान द्यायला हवा. जिवाला धोका दिसला तर मात्र ती गोष्ट पालकांना सांगितली जाईल, हे उपचार करणाऱ्यांनी त्याला आधीच स्पष्ट सांगावे. नंतर कळले तर त्याला तो विश्वासघात वाटतो.

आता त्याच्या वडिलांविषयी. त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो, कारण घरच्यांना बोलावणारे पुष्कळदा त्यांना नेमके काम सांगतच नाहीत. नैराश्याच्या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि 25 वर्षांखालील रुग्णांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा मात्रा बदलल्यावर अस्वस्थता अथवा आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, याकडे बारकाईने लक्ष द्यावे लागते. आठवड्यातून एक तास भेटणाऱ्या तज्ज्ञाला हे दिसणार नाही. रात्री दोन वाजता खोलीतला दिवा चालू आहे हे घरच्यांनाच दिसते. गोळ्या स्वतःच्या ताब्यात ठेवणे, त्या वेळेवर देणे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद न करणे आणि झोप, भूक, चिडचिड यांतला बदल दोन ओळींत टिपून ठेवणे, ही कामे वडिलांनी घ्यावीत. बैठकीची वेळ त्यांच्या नोकरीला सोयीची मागून घ्या, आणि तिथे मुलाच्या परीक्षेतील गुणांचा विषय कोणीही काढू नये.

तिघा तज्ज्ञांपैकी तुम्ही एरवी कोणाशी संपर्क ठेवायचा, हेही पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या. शिकवणी वर्गाला काही कळवायचे असल्यास मुलाच्या संमतीने आणि गरजेपुरतेच कळवावे.

त्याने मरणाची भाषा केली, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांना गाठा. ते भेटले नाहीत तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांच्या आकस्मिक विभागात घेऊन जा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते. तिथे तुम्ही, त्याचे वडील किंवा तो स्वतःही मराठीतून बोलू शकतो. हा क्रमांक आजच त्याच्या मोबाइलमध्ये नोंदवून द्या.