नाताळच्या भेटकथांपैकी तुमची आवडती फॅनफिक कोणती? नवख्याने सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की नाताळात यूलटाइड नावाच्या देवाणघेवाणीत चाहते एकमेकांना भेट म्हणून ज्या कथा लिहितात, त्यांतल्या माझ्या आवडत्या कोणत्या, आणि आजवर एकही फॅनफिक, म्हणजे दुसऱ्याच्या पुस्तकातली किंवा सिनेमातली पात्रं घेऊन चाहत्याने लिहिलेली कथा, न वाचलेल्या माणसाने कुठून सुरुवात करावी. दरवर्षी २५ डिसेंबरची मी वाट बघते ती या कथांसाठीच. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सगळ्यात लाडकी कथा आधी सांगते. ती मला स्वतःला भेट मिळालेली आहे. जेन ऑस्टिनच्या 'पर्स्युएशन'मध्ये मिसेस क्रॉफ्ट नावाची एक बाई आहे. नायक वेंटवर्थची सख्खी बहीण, आरमारातल्या अधिकाऱ्याची बायको. लग्नानंतरची बरीच वर्षं तिने नवऱ्यासोबत जहाजावर काढलीत. चार वेळा अटलांटिक ओलांडलाय, एकदा ईस्ट इंडीजला जाऊन आलीय. गप्पांच्या ओघात ती म्हणते की समुद्रावर मला कधी काही झालं नाही, जिवाला घोर लागला तो एकाच हिवाळ्यात. नवरा उत्तरेच्या समुद्रात होता आणि ती डील गावात एकटी राहत होती. ऑस्टिन एवढं सांगते आणि पुढे जाते.

माझं मन मात्र वर्षानुवर्षं त्या डीलच्या हिवाळ्यातच अडकून पडलं होतं. मी फर्माईश केली: त्या एका हिवाळ्याबद्दल लिहाल का? आणि कुणीतरी, ज्याला मी कधी भेटले नव्हते, त्याने ती लिहिली. कथेत फारसं काही घडत नाही. ती रोज किनाऱ्यावर जाते, नांगरलेली जहाजं बघते, घरी येते. छातीत धडधडतं म्हणून औषधवाल्याला बोलावते, त्याला काहीच सापडत नाही. मग एके दिवशी नवऱ्याचं पत्र येतं आणि तिची नजर आधी तारखेवर जाते. तीन आठवड्यांपूर्वीची. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी तो जिवंत होता, एवढंच त्या पत्राने कळलं. या वाक्याला मी मोबाइल खाली ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. आता मूळ कादंबरी वाचताना मिसेस क्रॉफ्टचं ते बोलणं आलं, की त्याच्यामागे तो अख्खा हिवाळा उभा राहतो.

कथेचं नाव देत नाही, कारण ती कुणासाठी लिहिली ते तिच्या माथ्यावरच असतं. त्यावरून माझं तिथलं टोपणनाव उघडं पडेल. लिहिणारेही टोपणनावानेच लिहितात आणि बहुतेकांना ते तसंच राहायला हवं असतं. पण अशा कथांपर्यंत पोचायची वाट नक्की सांगते.

ही देवाणघेवाण म्हणजेच यूलटाइड. २००३ पासून दरवर्षी चालते. ज्या पुस्तकांवर, मालिकांवर, सिनेमांवर चाहत्यांनी फारसं लिहिलेलं नाही, फक्त अशांवरच इथे कथा मागता येतात. म्हणजे हॅरी पॉटरला जागा नाही. पण विसरलेली कादंबरी, एखादं गाणं, चित्र, अगदी टीव्हीवरची जाहिरातसुद्धा चालते. प्रत्येकाने आपल्याला काय हवंय आणि आपण कशावर लिहू शकतो, ते दोन्ही कळवायचं. मग जोड्या लागतात. कथा किमान १००० शब्दांची हवी. कुणाला ऐनवेळी जमलं नाही तर दुसरं कुणीतरी थोड्या दिवसांत ती जबाबदारी उचलतं, त्यांना पिंच हिटर म्हणतात. भेटीविना कुणी राहू नये म्हणून ही सगळी धडपड, आणि मला या माणसांचं फार अप्रूप वाटतं. २५ डिसेंबरला कथा उघडतात, पण लेखकांची नावं १ जानेवारीला. मधला आठवडा सगळे निनावी.

दुसरी आवडती कथा महाभारतावरची. हो, महाभारतावरही तिथे लिहिलं जातं. युद्धाच्या चौदाव्या रात्री घटोत्कच पडतो. कर्णाची शक्ती त्याच्यावर खर्ची पडली, अर्जुन वाचला, म्हणून कृष्णाला झालेला आनंद आपल्याला माहीत असतो. हिडिंबेला ही बातमी कोणी सांगितली? ही कथा त्या प्रश्नावर उभी आहे. बातमी घेऊन आलेला माणूस रानाच्या कडेपर्यंत येतो आणि पुढे जायला कचरतो. कथा संपते तरी त्याच्या तोंडून शब्द निघालेला नसतो, आणि तिला मात्र सगळं कळलेलं असतं. दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहिणं म्हणजे नक्कल, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हीच कथा सुचवते. आपल्याकडे जात्यावर बसून बायका सीतेचा वनवास गात आल्या, तेव्हा त्यांनीही सीतेच्या तोंडी आपलंच दुःख घातलं होतं. ही ओढ जुनी आहे.

तिसरी अगदी छोटी, हजार शब्दांच्या आतली. अशा कथांसाठी यूलटाइड मॅडनेस नावाचा वेगळा कप्पा असतो. डच चित्रकार व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र तुम्ही पाहिलं असेल, अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे ते. टेबलावर पाव, मागे जमिनीवर पाय शेकायची छोटी शेगडी. कथा म्हणजे फक्त ते भांडं भरेपर्यंत त्या बाईच्या मनात जे येतं ते. वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. नवख्यांनी आधी असंच काहीतरी वाचावं.

आता शोधायचं कसं? २००९ पासून या कथा 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'वर असतात. स्वयंसेवकांनी देणग्यांवर चालवलेलं, जाहिराती नसलेलं हे संकेतस्थळ आहे. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तिथे प्रत्येक वर्षाचा यूलटाइड संग्रह वेगळा आहे. संग्रह उघडून मूळ कलाकृतींची यादी बघा आणि तुमच्या जिव्हाळ्याचं एक नाव निवडा. कुडोसच्या, म्हणजे वाचकांनी दिलेल्या 'आवडलं'च्या, आकड्यांवरून क्रम लावायचा मोह होतो, पण सुरुवातीला तो टाळा. ज्याचं मूळच माहीत नाही अशी भरपूर कुडोसवाली कथा परकी वाटते. उलट शाळेत असताना वाचलेल्या पुस्तकावरची, दहाजणांनीच वाचलेली कथा तुम्हाला रडवू शकते. बहुतेक कथा इंग्रजीत आहेत, हे मात्र धरून चला.

आणखी एक. ज्याच्यासाठी कथा लिहिली, त्याने लेखकाला लिहिलेलं पत्र पुष्कळदा जाहीर असतं. काय आवडतं, काय अजिबात नको, सगळं त्यात असतं. ते सापडलं तर आधी पत्र वाचा आणि मग कथा. पत्रातली एखादी ओळ कथेत कुठे जाऊन रुजली ते दिसतं, आणि तो आनंद मला दुसऱ्या कुठल्याच वाचनात मिळालेला नाही.

कथा आवडली तर खाली दोन ओळी नक्की लिहा, कथा दहा वर्षं जुनी असली तरी. डीलच्या हिवाळ्याखाली मी २५ तारखेलाच भलामोठा अभिप्राय लिहिला होता. कोणाला लिहितेय ते माहीत नव्हतं. १ जानेवारीला नाव दिसलं तेव्हा कळलं, याच व्यक्तीच्या दोन कथा मी आधीच्या वर्षी वाचल्या होत्या आणि एक अक्षर न लिहिता पुढे गेले होते. त्या दोन्ही कथांखाली मी त्याच रात्री लिहून आले.

तुमची आवडती पुस्तकं कोणती ते कळवा. त्यांवर यूलटाइडमध्ये काय काय आहे ते शोधून सांगते.