'बेइ' शिकताना जुनं रूप आधी गिरवा

चिनी लिपीतलं 'बेइ' हे अक्षर (चौथा, उतरता स्वर) म्हणजे मुळात कवडी. चीनच्या प्राचीन शांग राजवटीच्या काळातल्या अस्थिलेखांत (हाडांवर कोरलेल्या लेखांत) चक्क तिचं चित्रच आहे. कवडी तेव्हा मौल्यवान होती: चीनमधल्या आन्यांगला १९७६ मध्ये सापडलेल्या फू हाओ या शांग राणीच्या थडग्यात ६,००० हून जास्त कवड्या निघाल्या, आणि शांगनंतरच्या पश्चिम झोउ काळातल्या काशाच्या भांड्यांवर कवड्यांच्या माळा इनाम दिल्याचे लेख आहेत. म्हणूनच संपत्ती, गरीब, महाग, स्वस्त या अर्थांच्या अक्षरांत 'बेइ' बसलेलं असतं.

सरळ (म्हणजे नंतर सोप्या केलेल्या) रूपात ४ रेघा, पारंपरिक म्हणजे जुन्या रूपात ७. पारंपरिक रूप आधी गिरवा, कारण 'विकत घेणे' आणि 'विकणे' यांच्या सरळ रूपांतून कवडी गायबच झाली आहे. 'पाहणे'चं अक्षर अगदी जवळचं दिसतं. त्याच्या शेवटच्या रेघेला आकडा असतो, 'बेइ'ला नसतो.

मात्र दिसला 'बेइ' की लावला पैशाशी संबंध, असं करू नका. 'नियम' आणि 'सदस्य' यांच्या अक्षरांत मुळात तीन पायांचं भांडं, 'दिंग', होतं. लिहिता लिहिता ते झिजून कवडीसारखं झालं. बौद्ध ग्रंथांतल्या 'बेइ-ये'मध्येही कवडी नाही. तिथे हे अक्षर फक्त ध्वनीसाठी, आपल्या संस्कृत 'पत्र'साठी घेतलंय: ताडपत्र.